तीसवर बांधलेला आवाज

देवाजीभाऊ नेवारे ठार बहिरे होते, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या टीव्हींचे आवाज तेच लावून द्यायचे. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. चार महिन्यांनी त्याचा टीव्ही फडफडायला लागला की तोच त्यांच्या दारात उभा राहायचा.

आमचं घर नागपुरात, तांडापेठेत. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. माझे मालक आणि देवाजीभाऊ गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. एका छपराखाली ओळीने साचे चालायचे आणि तिथे ओरडून बोललं तरी स्वतःचं स्वतःला ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. समोरचा ओठ वाचायचा. कानाची पाळी धरली म्हणजे चहाला चल. छातीवर दोन बोटं ठेवली म्हणजे साहेब येऊन राहिला. माझ्या मालकांचे कान अर्धे गेले, देवाजीभाऊंचे पूर्ण. गिरणी बंद पडली तरी माझे मालक होते तोवर दोघं आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांकडे तोंड करून तासभर गप्पा मारायचे आणि गल्लीत एक शब्द ऐकू यायचा नाही. वच्छला, म्हणजे देवाजीभाऊंची बायको, मला म्हणायची, "पाय वं सरू, दोन मासे बसले हाय ओट्यावर."

मी चौथी शिकले, पण ओठ वाचायला शाळा लागत नाही. पाहून पाहून मलाही आलं.

टीव्हीचा आवाज लावायला देवाजीभाऊ गेले की आधी टीव्हीकडे बघत नसत. विचारायचे, "पाहणारा कुठं बसते?" मग त्या जागेवर स्वतः बसून यायचे. मग टीव्हीच्या पाठीवर पूर्ण तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने बटन फिरवायचं. गिरणीत साचा कुठे ढिला झाला ते ते असंच हात ठेवून सांगायचे. त्यांचा स्वतःचा आवाज मोठा आणि सपाट होता, कारण तो त्यांना कळतच नव्हता. "ढोल वाजून राहिला याच्यात," असं म्हणून ते खालचा जाड आवाज कमी करायचे आणि वरचा पातळ आवाज वाढवायचे. "म्हाताऱ्या माणसाचा कान आधी वरच्या आवाजाले मरते. तुमी नुसता मोठा करता. मोठ्यानं काय होते? ढबढब मोठी होते." मग घरच्या म्हाताऱ्या माणसाला बातम्या लावून द्यायचे आणि बातमीवाली काय बोलली ते परत म्हणायला लावायचे. म्हातारीने बरोबर म्हटलं की काम झालं. टीव्हीचा पाय हलत असेल तर खाली कापडाची घडी घालायचे. शेवटी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन बटनाशेजारी ठिपका द्यायचे. तो ठिपका म्हणजे त्यांची सही. लावलेला आवाज कोणी हलवला की पुन्हा त्या घरी पाऊल टाकायचे नाहीत. समोरच्या घरच्या जावयाने हलवला होता. त्या घरच्यांनी तीनदा बोलावलं, हे गेले नाहीत. हट्टी माणूस. वच्छलाने या हट्टापायी डोकं आपटून घेतलेलं मी पाहिलं आहे.

स्वतः ते टीव्ही नुसता बघायचे, ओठ वाचत. क्रिकेट चालू असलं की त्यांच्याकडे गर्दी व्हायची. खेळणारी पोरं मैदानात एकमेकांना काय शिव्या देतात ते टीव्हीवर बोलणारा सांगत नाही, देवाजीभाऊ सांगायचे. मोठ्याने आणि सगळ्या. बायका पदर तोंडाला लावून उठून जायच्या आणि दारामागे उभ्या राहायच्या. दक्षिणेतला सिनेमा हिंदी करून दाखवत, तो मात्र त्यांना सहन व्हायचा नाही. बाकीचे हसायचे आणि हे पडद्याजवळ जाऊन नटाच्या तोंडाकडे बघत राहायचे. "हा बोलते एक न् तुमी हसता दुसऱ्यावर. हे कोणत्या मुलखाचं तोंड हाय?"

आमच्या अंगणात कोण काय बोलतं तेही त्यांना ओट्यावरून दिसायचं. एकदा मला म्हणाले, "वहिनी, तुमची सून तिच्या बहिणीजवळ तुमाले खाष्ट म्हातारी म्हणत होती."

"त्यात खोटं काय हाय?" मी म्हटलं.

"तेच म्हटलं. खरं बोलून राहिली, म्हणून सांगितलं."

वच्छलाशी त्यांचा सगळा संसार ओठांवर झाला. ती त्यांच्याशी कधी आवाज काढून बोलली नाही, भांडतानासुद्धा. तिचं भांडण आम्हाला भांड्यांवरून कळायचं.

दिवाळीनंतर वच्छलाला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती बोलत होती. जाड आणि घोगरं, पण लक्ष दिलं की कळायचं. मला कळायचं, माझ्या सुनेला कळायचं, दूधवाल्यालाही कळायचं. एकट्या देवाजीभाऊंना कळत नव्हतं. अर्धा ओठ हलायचा, अर्धा लोंबायचा. तीस-पस्तीस वर्षं जे तोंड वाचलं ते त्यांना वाचता येईना.

ते तिच्यासमोर उकिडवे बसायचे, तिची हनुवटी धरायचे आणि उजव्या कोपऱ्याला अंगठा लावून ओठ वर उचलायचे. "आता बोल." साच्याचा निखळलेला भाग जागेवर धरून बघावा तसं. असं केलं की एखादा शब्द सापडायचा. एक दिवस ती त्यांच्या अंगठ्याला चावली. अंगठा दाखवत मला म्हणाले, "हे मात्र समजलं मले."

सापडलं नाही की भिंतीवर दोन थापा मारायचे. मी जायची. वच्छला बोलायची आणि मी ओठांनी त्यांना सांगायची.

"मेल्याले सांग, चहात साखर नाही."

मी सांगितलं, "चहात साखर नाही म्हणते."

"मेल्या नाही म्हटलं?"

"म्हटलं."

"मंग तब्येत बरी हाय."

असं रोज चालायचं. पण एका सकाळी मी गेले तेव्हा वच्छला बराच वेळ बोलली. "सरू, याले सांग, मले काहीतरी देऊन टाक म्हणा. असं हगत-मुतत नाही ठेवायचं कोणाले. तो ऐकंन माझं. तू फक्त सांग." देवाजीभाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

मी म्हटलं, "पाणी मागून राहिली."

"एवढं लंबं पाणी?"

"हो."

त्यांनी पाणी आणलं आणि चमच्याने पाजलं. ती माझ्याकडे बघत प्यायली. या खोट्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. दुसरं जे बोलले त्याचं वाटतं.

ते स्वयंपाकघरात गेले किंवा डोळा लागला तर वच्छलाने त्यांना हाक कशी मारायची, हा खरा प्रश्न होता. बहिऱ्याला हाक मारता येत नाही. पण देवाजीभाऊंनी त्यातून मार्ग काढला. त्यांचा जुना डब्बा टीव्ही साच्याच्या लाकडातून केलेल्या टेबलावर होता आणि टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून. आयुष्यभर लोकांचा जाड आवाज कमी करत आलेल्या माणसाने घरच्या टीव्हीचा जाड आवाज पूर्ण वाढवला. रिमोट वच्छलाच्या डाव्या हातात बांधल्यासारखा. तिला काही हवं असलं की ती आवाज वाढवत न्यायची. टेबल थरथरायचं, भिंत थरथरायची आणि भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात मांडणीला टांगलेले चमचे हलायचे. देवाजीभाऊ कायम चमच्यांकडे तोंड करून काम करायचे. झोपताना खाटेचा पाय टेबलाला टेकवून झोपायचे. चमचे हलले की उठून जायचे आणि आवाज खाली आणायचे. आवाज बराच वेळ खाली आला नाही तर मी जायची. म्हणजे ती हाक मलाही होती. हे मला पक्कं माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

मार्चपासून कूलर लागले. त्यांच्या खिडकीतला कूलर जुना, त्याच्या मोटरीने सगळी खोली थरथरायची. मी विचारलं, आता चमच्यांचं कसं कळते? म्हणाले, "कूलर एकसारखा हलवते. बोलणं तुटक असते. फरक हाय." पण कूलरच्या वर चमचे हलायला वच्छलाला आवाज आणखी वाढवावा लागायचा. दिवसातून दहा-पंधरा वेळा माझ्या डोक्याशेजारची भिंत गर्जायची. साबणाची जाहिरात, सासवा-सुनांची रडारड, सगळं माझ्या कवटीत. मेमध्ये नागपुरात दुपारी बाहेर पडता येत नाही. पडून राहायचं तर हे. मला झोप पाहिजे होती. दुसरं कारण नव्हतं.

त्यांचा मुलगा विनोद पुण्याहून आला तेव्हा मी त्याला ओट्यावरच गाठलं. "तुझ्या घरच्या टीव्हीनं माझं डोकं उठून राहिलं. काही कर बाप्पा."

तो लाजला. दोन दिवसांत नवा, पातळ टीव्ही आला आणि जुना भंगारवाल्याकडे गेला. नवा टीव्ही लावायला माणूस आला तेव्हा देवाजीभाऊ कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या आणायला बाजारात गेले होते. त्याने टीव्ही त्याच भिंतीवर ठोकला आणि चालू करून दाखवला. म्हणाला, "आवाज एका आकड्यावर, समजा तीसवर, बांधून देता येते. त्याच्या वर जात नाही. देऊ का?"

विनोदने माझ्याकडे बघितलं.

"किती मोठा होते तीसवर?" मी विचारलं. त्या माणसाने करून दाखवला. ठीक वाटला. "मंग तीसवर बांध."

"आई हाक मारते ना त्यानं," विनोद म्हणाला.

"नव्या टीव्हीचा तीस म्हणजे जुन्याचा साठ," तो माणूस म्हणाला. त्याला बिचाऱ्याला चमच्यांचं काय माहीत?

बांधलेला आवाज सोडायला चार आकडे टाकावे लागत. विनोद म्हणाला, "काकू, नंबर तुमच्याजवळ ठेवा. बाबा उगाच बटनं दाबत बसतील." मी तो कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवला. वच्छला पलंगावरून सगळं बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तरी मी ऐकलं असतं असं नाही.

देवाजीभाऊ आले, टीव्हीच्या कडेवर तळहात ठेवला आणि भिंतीवर ठेवला. "याच्यात जीव नाही," म्हणाले. "खूण करायलेही जागा नाही."

विनोद परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजीभाऊ माझ्याकडे रिमोट घेऊन आले. असे ते कधी कोणाकडे जात नसत, लोक त्यांच्याकडे यायचे. म्हणाले, "वहिनी, आवाज तीसच्या वर जाऊन नाही राहिला. सगळं इंग्रजीत लिहिलं हाय. एकेक दाबून पाहिलं. जाड आवाज वाढवला तरी चमचे हलून नाही राहिले. कूलर बंद केला तर थोडे हलते."

मी पोळ्या लाटत होते. कॅलेंडर माझ्या मागच्याच भिंतीवर होतं. मी मान वर करून ओठांनी सांगितलं, "नवे टीव्ही असेच असते."

ते माझ्या तोंडाकडे थोडं जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असंन," आणि गेले.

तीन दुपारी मी छान झोपले. ते तीन दिवस देवाजीभाऊ स्वयंपाकघरात काम कमी करत होते. भाजी बाहेरच्या खोलीत वच्छलासमोर बसून चिरायचे. सुनेने सांगितलं मला. मी म्हटलं, बरंच हाय, तिलेही सोबत.

चौथ्या दुपारी त्यांनी कैऱ्या उकडल्या. वच्छलाला पन्हं आवडायचं. उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढायला ते स्वयंपाकघरात पाटावर बसले, चमच्यांकडे तोंड करून. कूलर चालू होता. मी माझ्या खोलीत पडले होते. भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. मला ऐकू आला. कोणतीतरी जाहिरात होती, मग गाणं, मग पुन्हा जाहिरात. आवाज खाली गेला नाही. एरवी एवढा वेळ झाला की मी उठायची. पण तो आवाज काही मोठा नव्हता. तीसचाच होता. त्यात झोप येत होती. मी कूस बदलली.

मग देवाजीभाऊंचा आवाज आला. तो आवाज मी सांगत नाही.

मी गेले तेव्हा वच्छला उशीवरून घसरली होती. मान छातीवर दुमडली होती, घशात कफ अडकला होता, चेहरा काळा पडला होता. डावा हात अंगाखाली सापडला होता आणि रिमोट त्याच्या खाली. बटन दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून पडद्यावरचा आकडा जात नव्हता. तीस. देवाजीभाऊ तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला अंगठा लावून तो वर उचलत होते. हाताला कैरीचा गर होता. "बोल. आता बोल."

विनोद आला, सगळं झालं. तेरवी झाली. टीव्हीचं कोणी बोललं नाही. विनोद माझ्याकडे बघायचा आणि मान वळवायचा. त्याने बापाला पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तो बाहेर गेलेला बघून मी कॅलेंडरचं पान घेऊन त्यांच्याकडे गेले. मन हलकं करायला गेले असं कोणी समजू नये. हा माणूस दुसऱ्याने हलवलेला आवाज कधी विसरत नाही. आपल्या घरचा कोणी हलवला हे न कळता त्याने जाऊ नये, एवढंच होतं.

दारातून उजेड येत होता तिथे उभी राहिले, म्हणजे तोंड नीट दिसेल. आवाज न काढता सांगितलं. "तीसवर मी बांधाले लावला. नंबर माझ्याजवळ होता. तुमी विचारलं तेव्हा मी खोटं बोलली."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, निदान घराबाहेर काढतील.

म्हणाले, "पलंगावर बसा."

मी वच्छलाच्या पलंगावर बसले. त्यांनी कूलर चालू केला, टीव्ही चालू केला आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी उजव्या हातात घेतला तर काढून डाव्यात ठेवला. "नंबर टाका. मंग तीसपासून एकेक वर न्या. घाई नाही करायची." मग ते स्वयंपाकघरात गेले आणि त्याच पाटावर बसले. पलंगावरून त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांच्यापुढे मांडणी.

मी पान बघून चार आकडे टाकले. बातम्या चालू होत्या. तीस. एकतीस. पाठ हलली नाही. बत्तीस. तेहेतीस. प्रत्येक आकड्याला मी थांबत होते. पस्तीसवर ते थोडे पुढे वाकले आणि पुन्हा ताठ झाले. छत्तीस. सदतीस. अडतीस केला आणि त्यांनी हात वर केला, गिरणीत साचा थांबवायला करायचे तसा.

मग उठून दारात आले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती?"

"अडतीस," मी ओठांनी म्हटलं.

"आठ," ते म्हणाले. त्याच मोठ्या, सपाट आवाजात.

मग ते परत आत गेले. मी पलंगावर तशीच होते. दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा मी बाहेर गेले नाही, म्हणून मला ते शेवटचे दिसले ते पाठमोरेच. मांडणीचे चमचे एकेक करून काढत होते आणि पत्र्याच्या डब्यात टाकत होते. टाकला की वाजायचा. पुढचा चमचा काढायच्या आधी ते दर वेळी डब्याला हात लावून बघत होते.